परांची-प्रथिने आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग

मानवी शरीरात सुमारे ३० लक्ष कोटी पेशी असतात, असा अलीकडील अंदाज आहे. त्यांपैकी प्रत्येक पेशीस आपण केव्हा वाढावे, केव्हा दुभागावे, केव्हा स्वस्थ बसावे आणि केव्हा मरून जावे हे सतत कळत राहावे लागते. हे कळविणारे रासायनिक संदेश पेशीच्या बाहेरून येतात. परंतु त्यांची अंमलबजावणी व्हावयाची असते ती केंद्रकात, जेथे जनुके असतात तेथे. बाहेरच्या पटलापासून केंद्रकापर्यंतचा हा मार्ग पेशीतील प्रथिने एकमेकांच्या हाती संदेश सोपवीत पार पाडतात. या साखळीत बिघाड झाला की, कोणी सांगितलेले नसतानाही पेशी वाढू लागते. कर्करोगाचे मूळ पुष्कळदा तेथे असते.

या साखळीतील जी प्रथिने प्रत्यक्ष रासायनिक क्रिया घडवितात, त्यांचा अभ्यास संशोधकांनी प्रथम केला आणि ते साहजिकही होते. मात्र त्यांच्याच सोबतीला एक निराळा वर्ग आहे. या वर्गातील प्रथिने बहुधा स्वतः कोणतीच रासायनिक क्रिया करीत नाहीत. ती इतर प्रथिनांना धरून ठेवतात, त्यांना योग्य क्रमाने जवळ आणतात आणि नको त्यांना दूर ठेवतात. गवंडी इमारतीभोवती जी परांची बांधतात, तिच्या इंग्रजी नावावरून शास्त्रज्ञ त्यांना 'स्कॅफोल्ड' प्रथिने म्हणतात. मराठीत आपण त्यांना परांची-प्रथिने म्हणू. ही उपमा तंतोतंत लागू पडते असे नव्हे. घर पूर्ण झाले की परांची सोडतात. पेशीतील ही परांची मात्र कायमची, किंबहुना तीच घराचा भाग असते.

कामाचे स्वरूप समजण्यास सरकारी कचेरीचे उदाहरण अधिक सोयीचे पडेल. एखाद्या शेतकऱ्याचा फेरफाराचा अर्ज तलाठ्याकडून मंडळ अधिकाऱ्याकडे आणि तेथून मामलेदाराकडे जावयाचा असतो. तिघेही आपापल्या जागी बसून काम करीत असले तर अर्ज मधल्या वाटेवर रेंगाळतो, कधी दुसऱ्याच गठ्ठ्यात जातो. याच तिघांना एके दिवशी गावातील एका मांडवात ओळीने बसविले, तर तोच अर्ज तासाभरात मार्गी लागतो. मांडव स्वतः सही करीत नाही, नोंद घालीत नाही, शिक्का मारीत नाही. पण तो नसेल तर काम अडते. परांची-प्रथिन हा पेशीतील असाच मांडव होय.

फॉस्फेटाचा शिक्का

पेशीत संदेश पुढे सरकतो तो बहुतेक वेळा फॉस्फेट नावाच्या लहानशा रासायनिक गटाच्या साहाय्याने. कायनेज या वर्गातील विकर दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटाचा जणू शिक्का मारतात. शिक्का बसला की त्या प्रथिनाचा आकार व वर्तन बदलते आणि ते पुढच्या कामाला लागते. दुसरी विकरे तो शिक्का पुसूनही टाकतात. ही उलटसुलट होऊ शकणारी क्रिया शोधून काढल्याबद्दल एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज यांना १९९२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मानवी पेशींत अशा कायनेज विकरांचे पाचशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांतील कित्येक एकमेकांसारखे दिसतात, आणि एकच विकर दोन-तीन निरनिराळ्या साखळ्यांत काम करते. मग एका साखळीतील संदेश दुसरीत का घुसत नाही, हा प्रश्न दीर्घ काळ अनुत्तरित होता. त्याचे पहिले समाधानकारक उत्तर मिळाले ते मनुष्याच्या पेशीत नव्हे, तर पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्ये. पूर्वी गोव्यातील पोदेर पाव फुगविण्यासाठी माडाची सूर वापरीत. सूर आंबविण्याचे काम अशाच यीस्टच्या पेशी करतात.

यीस्टमध्ये दोन जाती असतात. एका जातीची पेशी जवळ आल्याचा वास, म्हणजे तिने सोडलेले एक द्रव्य, दुसऱ्या जातीच्या पेशीस लागला की ती आपली वाढ थांबवून मीलनाची तयारी करते. हा संदेश एसटीई-११, एसटीई-७ व फस-३ या तीन कायनेज विकरांच्या हातून क्रमाने जातो. एसटीई-५ नावाचे चौथे प्रथिन नसेल तर हे तिघेही शाबूत असून मीलन होत नाही. १९९४ मध्ये निरनिराळ्या प्रयोगशाळांनी दाखवून दिले की, एसटीई-५ हे प्रथिन या तिघांनाही एकाच वेळी आपल्या अंगावर निरनिराळ्या जागी धरून ठेवते.

यातील एसटीई-११ हे विकर दुसऱ्याही एका साखळीत नोकरीस आहे. भोवतालचे पाणी खारट झाले असता पेशीने आपले रक्षण कसे करावे, याचा संदेश त्या साखळीतून जातो. तेथे त्याला धरणारे प्रथिन निराळे, पीबीएस-२ नावाचे. आणि गंमत अशी की, पीबीएस-२ हे परांचीचेही काम करते व स्वतः कायनेजही आहे. आपण केलेले वर्गीकरण निसर्ग फारसे मनावर घेत नाही, हे विज्ञान शिकविणाऱ्यांनी मुलांना अधूनमधून सांगावयास हरकत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत वेंडेल लिम व त्यांच्या सहकाऱ्यांनी एसटीई-५ आणि पीबीएस-२ यांचे भाग जोडून एक कृत्रिम परांची तयार केली. मग त्या यीस्टला मीलनाचा संदेश दिला असता तिने खाऱ्या पाण्यापासून बचावाची तयारी आरंभिली! कामगार तेच, पण मांडव बदलला आणि अर्ज भलत्याच कचेरीत मंजूर झाला. संदेश कोठे जावा हे परांची ठरविते, याचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. परांची जितकी जास्त तितके काम जलद, असा हिशेब येथे चालत नाही. गावात एकच मांडव असेल तर तिन्ही अधिकारी त्यातच येतील. शंभर मांडव घातले तर एकात तलाठी, दुसऱ्यात मंडळ अधिकारी, तिसऱ्यात मामलेदार आणि उरलेले रिकामे, अशी अवस्था होईल. आणि एकाही मांडवात काम पुरे होणार नाही. म्हणून पेशीत या प्रथिनांचे प्रमाण नेमके असावे लागते. ते घटले तरी बिघाड आणि बेसुमार वाढले तरीही बिघाड.

आतड्याच्या अस्तरातील बंदोबस्त

आता मनुष्याच्या मोठ्या आतड्याकडे वळू. त्याच्या आतील अस्तर एका थराच्या पेशींचे असते, आणि ते साधारणतः चार-पाच दिवसांत नवे होते. अस्तरात बारीक बारीक विहिरींसारखे खळगे असतात. खळग्याच्या तळाशी मूळ पेशी असतात; त्या सतत दुभागतात, नव्या पेशी वर वर सरकतात आणि माथ्यावर पोहोचल्या की गळून पडतात. तळाशी असताना पेशीने दुभागावे आणि वर सरकल्यावर दुभागणे थांबवावे, हा येथील नियम. तो मोडला की गळून जावयाच्या पेशी तेथेच ठाण मांडून वाढू लागतात.

तळाच्या पेशींना दुभागण्याचा हुकूम देणाऱ्या प्रथिनांचे नाव 'विंट' असे आहे. या कुळातील पहिले जनुक रूल नुसा व हॅरल्ड व्हार्मस यांना १९८२ मध्ये उंदरांच्या स्तनातील अर्बुदांचा अभ्यास करताना सापडले. पुढे १९८७ मध्ये असे आढळले की, फळांवर घोंघावणाऱ्या चिलटासारख्या माशीत पंख तयार होण्यास जे जनुक लागते तेही हेच. माशीचा पंख आणि उंदराचे अर्बुद यांचा असा संबंध निघेल हे आधी कोणाच्या कल्पनेतही नव्हते.

विंटचा संदेश केंद्रकात पोहोचविणारे प्रथिन म्हणजे बीटा-कॅटेनिन. पेशी हे प्रथिन सदोदित तयार करीत असते; आणि विंटचा हुकूम नसेल तेव्हा ते सदोदित नष्टही करीत असते. ही उधळपट्टी वाटेल. परंतु तीमुळे एक सोय होते. हुकूम येताच केवळ नष्ट करणे थांबविले की पुरे. बीटा-कॅटेनिन आपोआप साठते, केंद्रकात शिरते आणि पेशी दुभागण्यास कारण होणारी जनुके जागी करते.

नष्ट करण्याचे हे काम ज्या मांडवात चालते, तो मांडव म्हणजे ॲक्सिन नावाचे परांची-प्रथिन. ॲक्सिन एका बाजूने बीटा-कॅटेनिनला धरते. दुसऱ्या बाजूने सीके-१ व जीएसके-३ या दोन कायनेज विकरांना धरते. शिवाय एपीसी नावाच्या एका अवाढव्य प्रथिनालाही ते जोडून घेते. एपीसी २,८४३ अमिनो आम्लांच्या साखळीचे असून त्याचे काम बीटा-कॅटेनिनला पकडीत ठेवण्याचे आहे. मग कामाला क्रमाने आरंभ होतो. सीके-१ हे बीटा-कॅटेनिनच्या ठराविक जागी पहिला फॉस्फेट-शिक्का मारते. तो बसल्यावाचून जीएसके-३ ला पुढे सरता येत नाही. तो बसला की ते आणखी तीन शिक्के मारते. असे शिक्के बसलेले बीटा-कॅटेनिन दुसरी एक यंत्रणा ओळखते, त्याला यूबिक्विटिन नावाची खूण बांधते आणि प्रथिने तोडणाऱ्या पेशीतील घाण्याकडे रवाना करते. यूबिक्विटिनच्या या यंत्रणेच्या शोधाबद्दल २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

विंटचा हुकूम आला म्हणजे काय होते? पेशीच्या पटलावरील ग्राहक प्रथिने ॲक्सिनलाच आपल्याकडे ओढून घेतात. मांडवच उचलला गेल्यावर आतील कारभार थंडावतो आणि बीटा-कॅटेनिन वाचते. सर्व यंत्रणेची कळ एका परांचीच्या जागेत ठेवण्याची ही युक्ती पाहून कौतुक वाटते.

ॲक्सिनचा शोधही मोठा वळणाचा आहे. वाकड्या, चिकटलेल्या शेपटीच्या उंदरांचा एक वाण संशोधकांना १९३० च्या दशकापासून ठाऊक होता. त्या दोषाचे जनुक १९९७ मध्ये हाती लागले. त्यापासून होणारे प्रथिन बेडकाच्या गर्भात घातले असता त्याच्या देहाचा अक्ष तयार होणे थांबते असे दिसले. त्यावरून त्याला 'ॲक्सिन' हे नाव पडले. पुढे २००३ मध्ये आफ्रिकेतील एका बेडकाच्या अंड्यांच्या अर्कावर मोजमाप करण्यात आले. तेव्हा ॲक्सिनचे प्रमाण त्याच्या सहकारी प्रथिनांच्या मानाने हजारपटींहून कमी भरले. सस्तन प्राण्यांच्या पेशींत ही तफावत इतकी मोठी आढळलेली नाही. तरीही एवढे खरे की, मांडव थोडे असल्यामुळेच त्यांच्यावरचे नियंत्रण सोपे जाते.

एका प्रतीचा दोष

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपणांस मिळतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. एपीसीचे जनुक पाचव्या गुणसूत्रावर असून ते १९९१ मध्ये शोधून काढण्यात आले. काही घराण्यांत या जनुकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. दुसरी प्रत चांगली असल्याने आरंभी काही जाणवत नाही. पण आतड्याच्या अस्तरातील असंख्य पेशींपैकी एखादीत ही दुसरी प्रतही केव्हातरी बिघडते. मग तिच्यात तयार होणारे एपीसी अर्धवट, तुटके असते. ॲक्सिनला धरण्याचा त्याचा भाग बहुधा तुटलेल्या तुकड्यातच गेलेला असतो. मांडव उभा, विकरे हजर, पण बीटा-कॅटेनिन कोणाच्या हाती सापडत नाही. विंटचा हुकूम आलेला नसताना तो आल्यासारखे वर्तन ती पेशी करू लागते आणि तेथे लहानशी गाठ, म्हणजे पॉलिप, उगवते.

अशा घराण्यातील व्यक्तीच्या मोठ्या आतड्यात किशोरवयापासून शेकडो, कधी हजारो पॉलिप होतात. प्रत्येक पॉलिप काही कर्करोग होत नाही. त्यासाठी इतरही जनुके बिघडावी लागतात व त्याला वर्षे जातात. पण संख्याच एवढी असते की, उपचार न केल्यास साधारणतः चाळिशीपर्यंत कर्करोग जवळजवळ अटळ ठरतो. सुमारे दहा हजारांत एकास हा रोग असतो. रोग्याच्या प्रत्येक अपत्यास, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो येण्याचा संभव निम्मा असतो. कधीकधी आईवडिलांपैकी कोणासही नसताना तो नव्याने उद्भवतो. त्याचा कोणाच्या पापपुण्याशी, दृष्ट लागण्याशी वा सुनेच्या पायगुणाशी कसलाही संबंध नाही, हे मुद्दाम लिहावेसे वाटते. कारण एकाच घरातील दोघे-तिघे तरुण वयात गेले की गावात काय काय बोलले जाते हे आपण जाणतो.

एपीसीचा बिघाड केवळ अशा घराण्यांपुरता असता तर एवढ्या विस्ताराचे कारण नव्हते. घराण्यात रोग नसताना उतारवयात मोठ्या आतड्याचा जो कर्करोग होतो, त्यातही बहुसंख्य रुग्णांच्या अर्बुदांत हेच जनुक बिघडलेले आढळते. तेथे दोन्ही प्रती आयुष्याच्या ओघात बिघडलेल्या असतात, इतकाच फरक.

खुद्द ॲक्सिनमध्ये दोष असल्यासही तेच घडते. यकृताच्या काही कर्करोगांत ॲक्सिनचे जनुक बिघडलेले असते, हे २००० मध्ये निदर्शनास आले. आणि २००४ मध्ये फिनलंडमधील एका कुटुंबाची जी हकीकत प्रसिद्ध झाली, ती तर विलक्षणच आहे. या कुटुंबाच्या चार पिढ्यांत मिळून अकरा जणांना निदान आठ-आठ कायमचे दात आलेच नव्हते. दोघांना तर अवघे तीन कायमचे दात आले होते. त्यांच्यापैकी आठ जणांच्या मोठ्या आतड्यात कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली. दोन्हींचे कारण एकच निघाले: ॲक्सिन-२ या भावंड-प्रथिनाच्या जनुकातील दोष. दात उगवण्याच्या जागी गर्भावस्थेत हाच संदेश लागतो, म्हणून हिरडी आणि आतडे यांची अशी सांगड पडली. दात कमी असलेल्या प्रत्येकाने घाबरून जावे असा याचा अर्थ मुळीच नाही. अशी घराणी अत्यंत विरळ आहेत.

औषधांचा प्रश्न

कर्करोगावरील अलीकडची पुष्कळशी औषधे कायनेज विकरांना अडविणारी आहेत. रक्ताच्या एका कर्करोगावरील इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये वापरात आले आणि त्या रोगाचे चित्र पालटले. कायनेज विकराच्या अंगी एक खोलगट खाच असते; तीत औषधाचा लहानसा रेणू किल्लीसारखा बसतो व काम थांबते. परांची-प्रथिनाला अशी खाच बहुधा नसतेच. ते इतरांना धरते ते रुंद, सपाट पृष्ठभागांनी. तेथे लहान रेणूने चिकटावे तरी कोठे? औषध शोधणाऱ्यांनी या प्रथिनांकडे दीर्घ काळ पाठ फिरविली याचे हे मुख्य कारण होय.

तरी प्रयत्न चालू आहेत. रास नावाच्या जनुकाने त्वचेवर उठणाऱ्या गाठी केएसआर-१ हे परांची-प्रथिन काढून टाकलेल्या उंदरांत बव्हंशी टळतात, आणि ते उंदीर एरवी बरे जगतात, असे २००३ मध्ये दिसले. आयक्यूगॅप-१ या दुसऱ्या परांचीची पकड मोडणारा प्रथिनाचा एक तुकडा दिला असता स्वादुपिंडाचा कर्करोग झालेले उंदीर अधिक काळ जगले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आतड्याच्या बाबतीत मात्र अडचण उलटी आहे. येथे परांची मोडावयाची नसून टिकवावयाची आहे. टँकिरेज नावाचे विकर ॲक्सिनला नष्ट होण्याच्या वाटेला लावते. त्या विकरालाच रोखणारा रेणू २००९ मध्ये सापडला आणि त्याने पेशींतील ॲक्सिनचे प्रमाण वाढते असेही ठरले. पुढे उंदरांवर या प्रकारच्या द्रव्याची परीक्षा झाली तेव्हा अर्बुदाची वाढ मंदावली. परंतु मात्रा वाढविताच आतड्याच्या निरोगी अस्तरास इजा पोहोचू लागली. कारण उघड आहे: त्या अस्तरासही रोज नवे होण्यासाठी विंटचा संदेश हवाच असतो. रोग्याच्या पेशीतील संदेश तोडावा आणि शेजारच्या निरोगी पेशीतील राखावा, हा पेच अजून सुटलेला नाही.

म्हणून 'आतड्याचा कर्करोग मुळापासून काढणारे' चूर्ण किंवा काढा विकणाऱ्यांनी परांची-प्रथिनांची वा जनुकांची नावे घेतली, तरी त्यांवर पैसा व त्याहून मोलाचा वेळ घालवू नये.

आज हाती असलेला खात्रीचा उपाय वेळीच तपासणी करून घेणे हा आहे. ज्या घरात पॉलिपांचा हा आनुवंशिक रोग ठाऊक आहे, तेथील मुलांची आतड्याची दुर्बिणीने तपासणी वयाच्या दहा-बारा वर्षांपासून सुरू करतात. रक्ताच्या चाचणीने बिघडलेली प्रत आहे की नाही हे आधीच कळू शकते. घराण्यातील दोष नेमका माहीत असून तो ज्या भावंडात नाही, त्याला या वारंवार तपासण्यांतून सुटका मिळते. पॉलिप मोजके असतील तर दुर्बिणीतूनच काढता येतात. ते असंख्य झाले तर मोठे आतडे काढून लहान आतडे खाली जोडण्याची शस्त्रक्रिया करतात, आणि त्यानंतरही माणूस शेती, नोकरी, संसार करू शकतो.

घराण्यात असा रोग नसला तरी शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल होणे, कारण न समजता वजन घटणे वा पंडुरोग होणे ही लक्षणे पन्नाशीच्या आसपासच्या व्यक्तीने अंगावर काढू नयेत. आपल्याकडे असे रक्त दिसले की 'मूळव्याध असेल' म्हणून महिनोन् महिने घरगुती उपचार चालतात. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण ते तपासणीनंतरच ठरवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी तपासणी करून रुग्णास पुढे जिल्हा रुग्णालयात पाठविण्याची गरज आहे किंवा नाही, हे सांगू शकतात. तेथे जाताना रक्ताच्या नात्यात कोणास, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला होता याची नोंद कागदावर लिहून न्यावी, आजोळकडच्या माणसांचीही.